पुराची रेघ

सकाळी उचगावातनं निघताना निशिगंधाच्या पिशवीत कॅमेरा, त्याचं तीन पायांचं स्टँड, एक टेप आणि आईनं फडक्यात बांधून दिलेली झुणका-भाकरी एवढंच सामान होतं. काम साधं होतं. पंचगंगेच्या काठाला मुलांचं एक जुनं बोर्डिंग आहे, त्याचा नकाशा काढून द्यायचा. मूळ नकाशा होता, नाही असं नाही. पण तो होता ऑफिसच्या कपाटात आणि कपाट होतं महापुराच्या पाण्यात. दोन हजार पाचचा पूर ओसरल्यावर कपाट उघडलं तर आत नुसता लगदा. आता वर्षभरानं संस्थेनं दुरुस्ती काढली होती आणि नकाशाशिवाय गवंडी हात लावायला तयार नव्हता.

ही पोरगी नकाशा कसा काढायची ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यात शिरायचं नाही. ती खोलीच्या मधोमध स्टँड रोवायची. एक फोटो घ्यायचा, कॅमेरा जरासा फिरवायचा, पुन्हा फोटो. मागच्या फोटोतला थोडा भाग पुढच्यात आला पाहिजे. असं करत पूर्ण गिरकी मारायची आणि स्वतः कॅमेऱ्याच्या मागं मागं फिरायचं, म्हणजे आपण फोटोत येत नाही. घरी येऊन कॉम्प्युटरवर ते फोटो एकमेकांना जोडले की अख्ख्या खोलीचा एक लांब पट्टा व्हायचा, शेवटच्या फोटोचं टोक पहिल्याला येऊन चिकटायचं. कॅमेरा जमिनीपासून किती उंच आहे हे ठाऊक असलं, की भिंतीचा पाय फोटोत किती खाली दिसतो त्यावरून भिंत किती लांब ते काढता येतं. चारी कोपरे कळले की झाली खोली. कोल्हापुरात तेव्हा हे कुणी करत नव्हतं. तिचा काका पिराजी म्हणायचा, आज फोटो काढून घर मोजायलीस, उद्या फोटो काढून म्हशीचं दूध मोजशील. पण शेजारपाजारी मात्र तोच भाव खाऊन सांगायचा, आमची पोरगी टेप न लावता नकाशा काढते म्हणून.

पण या कामात एक गोष्ट साधी नव्हती. त्याच बोर्डिंगात तिचे वडील आकाराम, तिचे अण्णा, रखवालदार होते. आणि त्याच पुरात ते गेले. गेले म्हणायचं आपलं, कारण देह काही सापडला नाही.

घरात वर्षभर सगळं त्याच्यावरच अडून बसलं होतं. पिराजी काकाचं म्हणणं, दर्भाचा पुतळा करून अग्नी द्या, दिवस घाला, माणसाला मोकळं करा. तिची आई धोंडुबाई ऐकायची नाही. मेलेला माणूस कुणी बघितलाय का, एवढंच विचारायची. कपाळाचं कुंकू तसंच ठेवलं होतं आणि रोज रात्री एक भाकरी जास्तीची थापून टोपलीखाली झाकून ठेवायची. सकाळी ती शिळी भाकरी स्वतः खायची. एका वर्षात बाई निम्मी झाली होती. निशिगंधाला वाटायचं, होय नाहीतर नाही, एकदाचं काहीतरी कळू दे, नाहीतर बापामागं आईपण जाणार. म्हणून तर तिनं हे काम मागून घेतलं होतं.

निघताना आई दारात आली.

"सगळ्या खोल्या बघ," म्हणाली. "त्येंच्यागत मधी हुभारून बघ."

त्यांच्यागत म्हणजे काय, तेही सांगतो. एका दिवाळीच्या सुट्टीत तापानं फणफणलेला एक मुलगा पलंगामागं तसाच झोपून राहिला आणि त्याला आत ठेवून खोलीला कडी लागली. दुसऱ्या दिवशी सापडला, वाचला, पण आकारामनं त्याचं फार मनाला लावून घेतलं. तेव्हापासून खोली बंद करायच्या आधी तो आत जायचा, मधोमध उभा राहायचा, सावकाश पूर्ण गोल फिरून चारी भिंती बघायचा. मग दारात येऊन हाक मारायची, "हाय का कोण?" उत्तर नाही आलं तर कडी. उत्तर आलं तर त्या माणसाला बाहेर काढल्याबिगर कडी घालायची नाही, मग आभाळ कोसळलं तरी बेहत्तर. लहान असताना निशिगंधा शनिवारी त्याच्याबरोबर जायची, मुद्दाम पलंगाखाली लपायची. हाक आली की ओरडायची, "हाय की!" तो म्हणायचा, मग चला भाईर, आणि पायाला धरून ओढून काढायचा. दर शनिवारी हेच, आणि दर शनिवारी दोघं पहिल्यांदाच झाल्यासारखी हसायची.

बोर्डिंगला ती पोचली तेव्हा आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस नव्हता. सेक्रेटरींनी किल्ल्या दिल्या आणि मला तिकडं करमत नाही, असं म्हणून ते गेटावरनंच परत गेले. लांब व्हरांडा, त्याला ओळीनं खोल्या आणि टोकाला कोठीघर. वीज तोडलेली. भिंतींवर पुराची रेघ स्पष्ट होती. दाराच्या चौकटीच्याही वर वीतभर, सगळीकडं सारखी, मातकट, वरचा चुना पांढरा आणि खालचा काळवंडलेला. तिचा बाप उंचापुरा होता, घरच्या दारातनं वाकून यायचा, पण ती रेघ त्याच्याही हातभर वर होती.

खोल्यांमधनं वाळलेला गाळ, मोडके पलंग, गाद्यांचा चिखल. भिंतींचा पाय कुठं दिसेल तर शपथ. पाय दिसत नाही म्हटल्यावर मोजायचं कशावरनं? मग तिला सुचलं, पुराचीच रेघ धरावी. पाणी कुठं तिरपं उभं राहत नाही. अख्ख्या इमारतीत रेघ एका पातळीत असणार. तिनं व्हरांड्यात टेप लावून रेघेची उंची घेतली, कॅमेरा आपल्या छातीइतका ठेवला आणि पहिल्या खोलीपासून सुरुवात केली. ज्यानं घात केला त्या पाण्यालाच कामाला लावलं म्हणून तिला जरा बरंसुद्धा वाटलं.

काम चालू झाल्यावर भीतीबिती विसरली. फोटो, फिरव, फोटो, फिरव. एक मात्र सारखं जाणवायचं. ती कॅमेऱ्यामागं फिरायची तेव्हा तिच्याही मागं कुणीतरी त्याच चालीनं फिरतंय. ती थांबली की थांबतंय. वळून बघितलं तर भिंत. आपण सारख्या गोल फिरतोय, भोवळ येत असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. एका खोलीत भाकरी खाल्ली, पाणी प्यायली, पुढं गेली. वास मात्र वाढत होता, ओल्या गाळाचा, शेवाळाचा, ताज्या नदीचा. वर्षभर वाळलेल्या गाळाला असा वास येत नाही. पण हे तिला नंतर आठवलं.

सगळ्यात शेवटी कोठीघर. एकच दार, खिडकी नाही, वर नुसता एक झरोका. तिथं उजेड कमी, म्हणून एकेक फोटोला वेळ लागत होता. ती डोळा लावून, श्वास धरून उभी होती. शेवटचाच फोटो राहिला होता, दाराचा. आणि व्हरांड्यातनं हाक आली, रोजची असावी तशी.

"हाय का कोण?"

"हाय की!" निशिगंधा म्हणाली.

तोंडातनं निघून गेलं हो. आईनं हाक मारल्यावर ओ देतो तसं. बोट कॅमेऱ्यावर दाबलं गेलं, फोटो निघाला, आणि मग तिच्या लक्षात आलं आपण कुणाला उत्तर दिलं ते. मग लांबून, व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाकडनं, पावलं वाजायला लागली. कोरड्या फरशीवर. पण आवाज पाण्यातनं माणूस घाईनं चालत येतो तसा... चुबुक, चुबुक... आणि मधेच एकेक दार उघडल्याचा.

तिनं स्टँडसकट कॅमेरा उचलला आणि पळाली. व्हरांड्यात कुणी नव्हतं. ज्या खोल्यांना ती स्वतः कडी घालत आली होती, त्यांतली निम्मी दारं उघडी होती. ती थांबली नाही. गेटावर किल्ल्या टाकल्या आणि येईल ती बस धरली.

घरी तिनं काही सांगितलं नाही. आईनं विचारलं, बघितल्यास का सगळ्या खोल्या? बघितल्या म्हणाली. गाई राखणारा कुणीतरी आत डोकावला असेल, दारं वाऱ्यानं उघडली असतील, असं मनाची समजूत घालून ती झोपली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो जोडायला बसली.

पहिल्या खोलीचा पट्टा जुळेना. शेवटचा फोटो पहिल्याला लागला पाहिजे, तिथं पायरी पडत होती. तिला वाटलं स्टँड गाळात रुतलं असेल. मग फोटो मोठे करून बघितले आणि खुर्चीतच आखडली. दाराच्या वरची ती रेघ फोटोत नव्हतीच. भिंत वरपर्यंत पांढरी होती. रेघ होती ती खाली, पलंगाच्या पायाशी. ओली. पहिल्या फोटोत पायाशी, पुढच्यात जराशी वर, आणि गिरकी पुरी होईपर्यंत पलंगाच्या फळीला टेकलेली.

दुसऱ्या खोलीत ती फळीपासून सुरू होत होती. तिसरीत खिडकीच्या कठड्यापासून. खोली बदलायची तसं पाणी चढत गेलं होतं. जिथं एक खोली संपली तिथनंच पुढची सुरू.

आणखी एक गोष्ट होती. कॅमेरा तिच्या छातीच्या उंचीवर होता. पण फोटोत मीटरच्या पेटीच्या डोक्यावरची धूळ दिसत होती. कपाटाच्या वर टाकलेली मोडकी छत्री दिसत होती. हे तिनं तिथं असताना बघितलंच नव्हतं. तिला टाचा वर करूनही ते दिसलं नसतं. तिनं बराच वेळ नुसतं त्या छत्रीकडं बघितलं. मग रेघेऐवजी दाराच्या चौकटी धरल्या, हिशेबात कॅमेऱ्याची उंची होती ती खोडली आणि आपल्या बापाच्या डोळ्यांची उंची घातली. घरच्या चौकटीला त्याचं कपाळ जिथं आपटायचं, तिथं तेलकट डाग होता. तेवढी.

सगळ्या खोल्या एकमेकींना अशा येऊन बसल्या की बोटभराचाही फरक राहिला नाही. तिच्या आयुष्यात इतका चोख नकाशा कधी जमला नव्हता. ती कॉम्प्युटरसमोर बसून रडली.

कोठीघर राहिलं होतं. तिथं रेघ बापाच्या छातीएवढ्या उंचीपासून सुरू झाली आणि गळ्याशी आली. आणि शेवटचा फोटो, उत्तर देताना बोट दाबलं गेलं तो, त्यात दार नव्हतंच. नुसता पिवळट गढूळ रंग. वरच्या बाजूला थोडासा उजेड. तो फोटो कशालाच जोडला जाईना.

त्या दिवशी दुपारच्या गाडीनं ती बिद्रीला गेली. बोर्डिंगात स्वैपाक करणारी शालूबाई पुरानंतर भावाकडं तिथं जाऊन राहिली होती. शेवटच्या होडीतनं बाहेर पडली ती तीच. वर्षभरात ती एकदाही उचगावला भेटायला आली नव्हती, आणि सगळ्यांना वाटायचं बाई आपल्याला विसरली. निशिगंधाला दारात बघितल्यावर शालूबाईनं पदर तोंडाला लावला. बसायला पोतं टाकलं, चहा ठेवला आणि चुलीकडं तोंड करूनच बोलायला लागली.

पोरं आदल्या दिवशीच हलवली होती. मागं राहिलेली भांडी, धान्य काढायला शालूबाई आणि आकाराम गेले होते. होडी व्हरांड्याला लागली. पाणी चढतच होतं. शालूबाई चढली. आकारामनं सगळ्या खोल्या फिरून कड्या घातल्या, एक पाय होडीत टाकला आणि सवयीनं व्हरांड्याकडं तोंड करून हाक मारली.

"आन् पोरी, त्येचं तोंडच बदललं," शालूबाई म्हणाली. "मला म्हणाला, निशी आत हाय. निशीनं ओ दिली. मी म्हणलं, अवं ती उचगावात हाय, हितं कशाला यील? आमी कुणीच कायबी ऐकलं न्हवतं. तर म्हणाला, माझ्या पोरीचा आवाज मला कळत न्हाय व्हय... आन् उतरला की पाण्यात. एकेक दार उघडत गेला. होडीवाला थांबंना. थांबला असता तर आमीबी..." तिनं चुलीत लाकूड सारलं आणि म्हणाली, "तुझं नाव घिऊन गेला, हे कुठल्या तोंडानं सांगायला येऊ?"

चहा तसाच राहिला. परत येताना गाडीत निशिगंधा खिडकीला डोकं लावून बसली होती. अण्णांना भास झाला नव्हता. आवाज तिचाच होता. तिनंच दिला होता, काल दुपारी, कोठीघरात उभं राहून. तो मागं वर्षभर लांब कसा पोचला हे तिला कळत नव्हतं आणि कळूनही काही उपयोग नव्हता. बाप होडीत एक पाय टाकून उभा होता आणि तिनं त्याला परत बोलावलं होतं.

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं. आईला आणि पिराजी काकाला, दोघांना समोर बसवून, फोटो दाखवून. काकानं एरवी थट्टा केली असती. त्या दिवशी तो टोपी काढून मांडीवर ठेवून बसला. आई रडली नाही. त्या गढूळ फोटोवरनं तिनं एकदा हात फिरवला आणि विचारलं,

"म्हंजे अजून शोधायलाईत?"

"व्हय वैनी," काका म्हणाला. "आत माणूस हाय असं वाटतंय त्येला. तवर तो कडी घालायचा न्हाय आन् जायचाबी न्हाय."

काय करायचं ते काकानंच ठरवलं. तिथं जायचं. निशिगंधानं सांगायचं, मी आत नाही, बाहेर आहे. मग धोंडुबाईनं सांगायचं, आत कोण नाही, तुम्ही जावा आता. कोठीघराला कडी घालायची. आणि येत्या अमावास्येला पुतळा करून अग्नी द्यायचा. आईनं मान हलवली. वर्षभरात पहिल्यांदा ती पुतळ्याला नको म्हणाली नाही. निशिगंधाचा जीव भांड्यात पडला.

तिघं भर दुपारी गेली. पाऊस आदल्या रात्रीपासून लागून राहिला होता आणि नदी काठची मळीची शेतं ओलांडून बरीच वर आली होती. व्हरांड्यात काका पुढं, मागं आई, सगळ्यात मागं निशिगंधा. कोठीघराचं दार सताड उघडं होतं. आत अंधार आणि तो वास. निशिगंधा पुढं आली आणि म्हणाली,

"अण्णा... मी आत न्हाय. मी हितं हाय, भाईर."

आत कुठंतरी पाणी हललं. कोरड्या खोलीत. काकानं वहिनीला खूण केली.

धोंडुबाई उंबऱ्यापाशी गेली. आत बघत उभी राहिली, खूप वेळ. तीस वर्षं हा माणूस रोज संध्याकाळी डबा घेऊन घरातनं निघत होता आणि रोज ती दारात उभी राहत होती. जावा असं ती त्याला कधी म्हणाली नव्हती. आपल्यात घरच्या माणसाला तसं कुणी म्हणतच नाही. काकानं शब्द पढवून आणले होते, ते तिच्या ओठांवर आलेसुद्धा. ती म्हणाली,

"आत कोण न्हाय..."

आणि थांबली. काका कुजबुजला, वैनी, पुढचं. तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. डोक्यावरचा पदर नीट केला.

"पोरगी घरी हाय. मीबी घरी हाय. लई दमलासा. घरी या."

पिराजीचं तोंड पांढरंफटक पडलं. हे काय बोललासा वैनी, एवढंच त्याला बोलता आलं. धोंडुबाईनं स्वतःच्या हातानं दार ओढलं, कडी घातली आणि आली तशी व्हरांडा उतरून चालायला लागली. चुकून बोलली असं म्हणायची सोय तिनं ठेवली नव्हती. बसमध्येही ती खिडकीतनं बाहेर बघत होती, बाजाराला जाऊन आल्यासारखी.

चार दिवस काही झालं नाही. काका घराकडं फिरकला नाही. अमावास्या यायची होती. निशिगंधानं नकाशा पुरा करून सेक्रेटरींना दिला. ते खूश झाले, मूळ नकाशापेक्षा बरा म्हणाले. आई नीट जेवायला लागली होती. मग निशिगंधाला वाटलं, कॅमेऱ्यातच दोष असेल, ओल गेली असेल. शंका राहायला नको म्हणून संध्याकाळी दिवेलागणीला तिनं घरच्या पुढच्या खोलीत स्टँड लावलं. ही खोली तिला तोंडपाठ होती. नवीन कॅमेरा आला की ती आधी हिचेच फोटो घेऊन बघायची. उचगावात पूर येत नाही. त्या भिंतींना कधी नदी लागली नव्हती.

गिरकी पुरी केली, फोटो कॉम्प्युटरवर घातले आणि जोडायला लावले. ते जुनं यंत्र, त्याला वेळ लागायचा. पडद्यावर पट्टी सावकाश सरकत होती. आई आतल्या बाजूला चुलीपुढं भाकरी थापत होती. भाकरीचा खरपूस वास येत होता, आणि मग त्यात दुसरा वास मिसळला. आईचा थापता हात थांबला.

दाराबाहेर, अगदी जवळ, कुणीतरी उभं होतं.

"हाय का कोण?"

निशिगंधानं झेप घेऊन आईचं मनगट धरलं. पिठानं भरलेलं. नको, म्हणून मान हलवली. दोघींनाही ठाऊक होतं. उत्तर नाही आलं तर तो कडी घालेल आणि जाईल. कायमचा. आणि उत्तर आलं तर त्या माणसाला घेतल्याबिगर तो जाणार नाही.

"हाय का... कोण?"

पुन्हा तसंच, पण दमलेलं. वर्षभर हाक मारून मारून घसा बसलेल्या माणसाचं. आईच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी वाहत होतं. निशिगंधा तिच्या कानाशी म्हणाली, आई, जाऊ दे त्यांना, तुझ्या पाया पडते, जाऊ दे. बाहेरच्या अंगानं कडी हलली. कोयंड्यावर लोखंड घासलं... सावकाश, वाट बघत असल्यासारखं. अजून एवढंसं सरकलं असतं तर लागली असती.

धोंडुबाईनं लेकीकडं बघितलं. तिच्या गालावरनं पिठाचा हात फिरवला.

"हाय की," ती मोठ्यानं म्हणाली.

कडी थांबली.

दार उघडलं नाही. आत कुणी आलं नाही. मग आई उठली, तवा उतरवला, दोन ताटं घेतली. एक आपल्यापुढं, एक समोर. टोपलीखालची भाकरी आज झाकली नाही, समोरच्या ताटात वाढली. भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि जेवायला लागली. चेहरा असा, की वर्षभरात निशिगंधानं तो बघितला नव्हता.

कॉम्प्युटर वाजला. पट्टा जुळला होता. कुठं पायरी नाही, कुठं सांधा नाही. शेवटचा फोटो पहिल्याला बेमालूम लागला होता आणि चारी भिंतींवरनं एक ओली मातकट रेघ फिरत होती. कॅलेंडरवरनं, खिडकीच्या कठड्यावरनं, बटणांच्या पेटीवरनं. निशिगंधानं मान वर करून खऱ्या भिंतीकडं बघितलं. चुना कोरडा आणि पांढरा होता. आई ज्या भिंतीला टेकून बसली होती, तीच भिंत पडद्यावर होती. तिथली रेघ बसलेल्या माणसाच्या डोक्यावरनं जात होती.

"आई," तिनं हाक मारली.

आई हसली. घास गिळण्यासाठी तिनं हनुवटी वर उचलली, गळ्याइतक्या पाण्यातला माणूस उचलतो तशी. पुढच्या घासाला आणखी जराशी वर.